जीपला ट्रॅक्टरचे टायर: सात महिन्यांच्या वापरानंतर

माझी महिंद्रा एमएम ५४० जुनी असली तरी तिचा फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी जोडणी, शाबूत आहे, आणि कळव्याहून मुरबाडच्या पुढे असलेल्या आमच्या भातशेतीवर महिन्याला चार-पाच फेऱ्या तिनेच होतात. शेवटचा अर्धा किलोमीटर पावसाळ्यात निव्वळ चिखलाचा असतो. त्यासाठी चार मड टेरेन टायर घेणे जीपच्या किमतीच्या मानाने डोईजड होते, म्हणून जूनमध्ये ट्रॅक्टरचे टायर घेतले. जीपचे मूळ माप ६.००-१६ आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचे एक प्रचलित मापही तेच, त्यामुळे रिम बदलावी लागली नाही. मात्र हे माप मागितले की दुकानदार आधी तीन पट्ट्यांचा टायर पुढे करतो. तो ट्रॅक्टर वळवण्यासाठी असतो, चिखलातून ओढण्यासाठी नव्हे; मला तिरप्या, उंच लगांचा, म्हणजे रबराच्या जाड उंचवट्यांचा, हवा होता.

काटकसर म्हणून आधी मागचे दोनच बदलले, आणि ती चूक ठरली. नव्या टायरचा घेर जुन्यापेक्षा थोडा जास्त असल्यामुळे फोर-बाय-फोर लावून कोरड्या मुरमावर आल्याबरोबर गिअरपेटीवर ताण चढला आणि फोर-बाय-फोरचा लिव्हर जागचा हलेना. गाडी दोन हात मागे घेतल्यावर तो सुटला. पुढच्याच आठवड्यात उरलेले दोन घेतले.

त्यातला एक पंक्चरवाल्याने उलटा चढवला होता. मागून पाहिले की लगांचे टोक वर, म्हणजे कौलारू छपरासारखे दिसायला हवे; तेव्हा लगाचा मधला भाग जमिनीत आधी शिरतो आणि चिखल दोन्ही कडांना फेकला जातो. उलट्या चाकात तोच चिखल मधे गोळा होत राहिला, आणि बांधापाशी पोहोचेपर्यंत तीन चाके स्वच्छ तर चौथे शेणाच्या गोवरीसारखे लिंपलेले होते. टायरच्या कडेवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, तो पंक्चरवाल्याने नव्हे तर आपण तपासावा.

चारही चाके नीट बसल्यावर मात्र लावणीच्या दिवसांत जीपने थक्क केले. रोपांच्या मुठी आणि खताच्या गोण्या लादून, जिथे पूर्वी दोन माणसे ढकलायला लागत, तिथून ती दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश निघून गेली. हवा १८ पौंडांच्या खाली मी नेली नाही, कारण ट्यूबच्या टायरमध्ये हवा फार कमी केली की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो.

खरा प्रश्न डांबराचा आहे. माझ्या टायरच्या कडेवर ए६ असे छापलेले आहे, म्हणजे ठरलेल्या वजनासह जास्तीत जास्त ताशी ३० किलोमीटर. ए८ असता तर ४०. कल्याण सोडले की रस्ता मोकळा मिळतो आणि पाय आपोआप पन्नासवर जातो. ऑक्टोबरच्या उन्हात असाच गेलो आणि रायत्याच्या पुलाअलीकडे थांबून टायरला तळवा लावला, तर तो क्षणभरही ठेववेना. जाड लग डांबरावर सतत दुमडतात आणि आतली उष्णता बाहेर पडायला जागा नसते. डिसेंबरपर्यंत लगांच्या कडा करवतीसारख्या झिजल्या आणि दोन ठिकाणी रबराचे तुकडे उडाले. आवाजाचे तर काय सांगावे, शेजारी बसलेल्या आईने शहाडनंतर बोलणेच सोडून दिले.

ओल्या डांबरावरचा ब्रेक हे त्याहून गंभीर प्रकरण. रस्त्याला टेकतात ते फक्त लग, त्यामुळे पकड निम्मीच वाटते. जुलैत म्हारळजवळ रिक्षामागे थांबताना जीप सरळ घसरत गेली आणि वीतभर अंतर राखून उभी राहिली. अशा टायरवर अपघात झाला असता तर विमा कंपनीपुढे कोणत्या तोंडाने उभा राहिलो असतो?

आता चारही टायर वेगळ्या जुन्या रिमांवर चढवून शेतावरच्या पडवीत ठेवले आहेत. कळव्याहून साध्या टायरवर जातो, पडवीपाशी जॅक लावून चाके बदलतो. एकट्याला तासभर लागतो, भाचा सोबत असला तर अर्धा.