शीट पाइल की टच पाइल: तळघराच्या खड्ड्याला कोणता आधार स्वस्त पडतो?

तळघरासाठी सहा मीटर खोल खड्डा घ्यायचाय, शेजारची इमारत अगदी लागून आहे आणि कडेची माती ढासळू द्यायची नाही. अशा वेळी बिल्डरपुढे दोन कोटेशनं येतात: पोलादी शीट पाइलचं (एकमेकींत अडकवत जमिनीत ठोकलेल्या पोलादी पट्ट्या) आणि काँक्रीटच्या टच पाइलचं (एकमेकांना टेकून जमिनीत ओतलेले खांब). पोलादाचा टनाचा भाव बघून बरेच जण पहिलं बाजूला ठेवतात. ती घाई करू नका.

हिशेब मांडू. भिंत १०० मीटर लांब, शीट १२ मीटरची. मध्यम वजनाची यू आकाराची शीट भिंतीच्या चौरस मीटरला साधारण ११० किलो भरते, म्हणजे एकूण १३२ टन पोलाद. विकत घ्यायचं तर आकडा मोठाच. पण तळघराची कायमची भिंत बांधून मागे भराव झाला की हीच शीट उपसून पुढच्या साइटवर जाते. तुम्ही भरता ते भाडं, ठोकणं, उपसणं आणि वाहतूक. टच पाइलमधली सळई आणि सिमेंट मात्र कायमचं जमिनीत जातं. शिवाय काँक्रीटला ताकद धरायला वेळ द्यावा लागतो. शीट ठोकून झाली की खोदकाम सुरू होतं, खाली जाता जाता वॅलर-स्ट्रट (भिंतीला लावलेल्या आडव्या तुळया आणि त्यांना दिलेले टेकू) बसवत जायचं.

वाशी-ठाण्याकडच्या खाडीच्या चिखलात तर शीट पाइलचा फायदा आणखी वाढतो. शीट एकमेकींत अडकतात, त्यामुळे पाणी पूर्ण थांबलं नाही तरी खूप कमी होतं. टच पाइलच्या फटींतून पाण्याबरोबर गाळही येतो, मग ग्राउटिंग करा (फटींत सिमेंटचं पातळ मिश्रण भरा) आणि रात्रंदिवस पंप चालवा.

पण महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या कातळावर बसलाय. पुण्यात कित्येक प्लॉटवर थोड्या मुरमाखाली लगेच कातळ लागतो, आणि शीट कातळात शिरत नाही. जोर केला तर टोक वाकतं, सांधा उघडतो. तिथे ड्रिल करून उभ्या केलेल्या पोलादी आय-सेक्शनचा (I आकाराच्या तुळयांचा) विचार करा. शीट पाइलचं कोटेशन मागवूही नका. ट्रायल बोअरचा (खाली काय आहे ते बघायला घेतलेल्या भोकाचा) खर्च त्यासाठीच आधी करायचा. शेजारी जुनी, भार भिंतींवर पेलणारी चाळ असेल तर व्हायब्रो हॅमरही (शीट थरथरवत जमिनीत घालणारं यंत्र) नको. हादऱ्यांनी तडे गेले तर पैसा बाजूलाच राहिला, माणसं धोक्यात येतात.

भिंत कायमची हवी असेल तर गणित उलटतं, कारण शीट परत मिळत नाही आणि गंजाचाही विचार करावा लागतो. युरोकोडच्या (युरोपच्या बांधकाम मानकांच्या) तक्त्यात ५० वर्षांची झीज न हललेल्या नैसर्गिक मातीत एका बाजूला ०.६ मिमी आहे, समुद्राच्या ओहोटीच्या पातळीच्या आणि शिंतोड्यांच्या पट्ट्यात ३.७५ मिमी. तेही समशीतोष्ण हवेतलं. आपल्या किनाऱ्यावर यावर विसंबू नये. कोकणातल्या उतारावर तीन मीटरची भिंत हवी तर मी गॅबियन (दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या) सुचवेन. जाळी पोलादाचीच, दगड जवळचा आणि पाणी आपसूक निथळतं. भिंतीमागे तीन मीटर पाणी तुंबलं तर मीटरमागे साडेचार टनांचा रेटा येतो. कोरड्या मातीचा रेटा पावणेतीन टनांच्या आसपास असतो.

शीट पाइलचं कोटेशन हातात आलं की दोन गोष्टी लेखी घ्या: पावसाळ्यात काम थांबलं तर भाडं चालू राहणार का, आणि उपसताना अडकून राहिलेल्या शीटची किंमत कोण भरणार.