रिचर्ड बर्टन वाचायचा तर सुरुवात कोणत्या पुस्तकापासून?

एकोणिसाव्या शतकातला इंग्रज लष्करी अधिकारी, प्रवासी आणि भाषांतरकार बर्टन याच्याकडे मराठी वाचक बहुधा दोन वाटांनी येतो: एक गोव्यावरच्या पुस्तकाची, दुसरी कामसूत्राची. सुरुवातीला दोन्ही टाळाव्यात. गोव्याचं पुस्तक पंचविशीतल्या, स्वतःवर भलत्याच खूश असलेल्या लष्करी अधिकाऱ्याचं आहे. १८८३ च्या कामसूत्राचं मूळ भाषांतर तर बर्टनचं नव्हेच. मुंबईचे पुराविद भगवानलाल इंद्रजी आणि शिवराम परशुराम भिडे यांनी ते काम केलं, आर्बथनॉट या सनदी अधिकाऱ्याने ते पुढे नेलं आणि बर्टनने इंग्रजी घासूनपुसून दिली. त्यावरून बर्टनची पारख करणं त्या दोन पंडितांवर अन्याय करणारं आहे.

खरी निवड चार प्रवासग्रंथांत आहे: गोवा (१८५१), मक्का-मदिना (१८५५-५६), हरार (१८५६) आणि मध्य आफ्रिकेतली सरोवरं (१८६०). चारही स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत आणि इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही. प्रश्न वेळेचा आहे, कारण यातलं एकही पुस्तक चटकन संपत नाही.

गोवा अँड द ब्लू माउंटन्स

१८४२ च्या ऑक्टोबरात बर्टन मुंबईत उतरला. बडोद्याला असलेल्या १८ व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीत त्याची नेमणूक झाली. पहिल्या काही वर्षांत हिंदुस्तानी, गुजराती, मराठी अशा परीक्षा देत तो सिंधच्या मोजणी खात्यात पोचला. तिथून आजारपणाची रजा घेऊन १८४७ मध्ये तो मुंबईहून पत्तेमारीने, म्हणजे शिडाच्या गलबताने, गोव्याला गेला. गोव्याचा भाग पुस्तकाच्या जेमतेम निम्मा आहे. पुढे कालिकत, मलबार आणि निलगिरी येतात.

वाचण्याजोगं काय? पत्तेमारीवरचा प्रवास, ओस पडलेलं जुनं गोवं (राजधानी अधिकृतपणे पणजीला हलून तेव्हा चारच वर्षं झाली होती) आणि फोंड्याकडच्या शिरोड्यातल्या कलावंतिणींकडची भेट. अडचण सुराची आहे. मिश्र वंशाच्या आणि ख्रिस्ती गोवेकरांबद्दल तो सरळसरळ तुच्छतेने लिहितो, आणि गोव्याच्या पडझडीचं खापर पोर्तुगीजांच्या मिश्रविवाहांच्या धोरणावर फोडतो. हा निष्कर्ष वस्तुस्थिती म्हणून स्वीकारायचा नाही. कंपनीचा तरुण अधिकारी शेजारच्या सत्तेकडे कसा बघत होता, याचा पुरावा म्हणून तो ठेवायचा. गोव्याच्या इतिहासाची आधीच ओळख असलेल्यांना हे पुस्तक लाभतं, इतरांची ते दिशाभूल करतं.

मक्का-मदिना: सुरुवात इथून करावी

या चारांत पहिलं पुस्तक कोणतं, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. १८५३ च्या एप्रिलमध्ये बर्टन वेषांतर करून इंग्लंडहून निघाला. आधी इराणी मिर्झा म्हणून वावरला. शिया समजले गेल्याने हाल होतील हे लक्षात आल्यावर कैरोत त्याने ओळख बदलली: हिंदुस्थानात जन्मलेला पठाण, दर्वेश आणि हकीम. सुएझहून बारा दिवस गलबताने यान्बू, २५ जुलैला मदिना, ३१ ऑगस्टला पूर्वेकडच्या दर्ब अल-शर्की वाटेने निघालेला काफिला आणि ११ सप्टेंबरला मक्का.

पुस्तकाची ताकद वेषांतराच्या थरारात कमी आणि त्याच्या यंत्रणेत जास्त आहे. यात्रेकरू कुराण ठेवायला गळ्यात अडकवतात तसा हमाइल त्याच्याकडेही होता, पण आत तीन कप्पे: एकात घड्याळ आणि होकायंत्र, दुसऱ्यात पैसे, तिसऱ्यात चाकू, पेन्सिली आणि कागदाच्या चिठ्ठ्या. रेखाचित्रांचे चौकोनी तुकडे करून, त्यांवर क्रमांक घालून, ते औषधांच्या डब्यांत लपवलेले. सेक्स्टंट हे कोन मोजायचं उपकरण मात्र सोबत्यांच्या नजरेस पडलं, मक्केच्या तरुण मुहम्मदने हा हिंदुस्थानातला काफिर असल्याचा संशय बोलून दाखवला आणि ते उपकरण मागे टाकावं लागलं. इतक्या काळजीने नोंदी करणारा प्रवासी विरळा.

एक गैरसमज आधीच काढून टाकावा. मक्केला पोचलेला हा पहिला युरोपीय नव्हे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला वार्थेमा आणि १८१४ मध्ये बर्कहार्ट तिथे जाऊन आले होते, आणि बर्टन ते लपवत नाही. काबाच्या वर्णनासाठी त्याने बर्कहार्टचाच मजकूर घेऊन त्यावर तळटीपा दिल्या आहेत. त्याची स्वतःची भर आहे ती मदिनेच्या तपशिलात (बर्कहार्ट तिथे आजारी होता) आणि त्या पूर्वेकडच्या वाटेत. अरबस्तानचा मोकळा वाळवंटी पट्टा ओलांडायचा मूळ बेत फसला, हेही लक्षात ठेवून वाचावं.

प्रत निवडताना जपावं. पहिली आवृत्ती तीन खंडांची आहे. १८९३ ची स्मृती-आवृत्ती दोन खंडांची, आणि डोव्हर प्रकाशनाची छापील प्रत हे तिचंच पुनर्मुद्रण. तीच घ्यावी. संक्षिप्त आवृत्त्यांत तळटीपा आणि परिशिष्टं गाळली जातात, आणि बर्टनचा निम्मा जीव तळटीपांत असतो. स्कॅनवरून यंत्राने काढलेल्या मजकुरात याच तळटीपा मधल्या परिच्छेदांत मिसळतात. त्यामुळे ई-बुकपेक्षा पानांच्या प्रतिमा असलेली पीडीएफ बरी. शोध घेताना लक्षात असू द्या की नावांची स्पेलिंगं आवृत्तीगणिक बदलतात: जुन्या आवृत्तीत ‘एल’, १८९३ च्या आवृत्तीत ‘अल’.

फर्स्ट फूटस्टेप्स इन ईस्ट आफ्रिका

एडनहून सोमाली किनाऱ्यावरचं झैला, तिथून आजच्या इथिओपियातलं हरार. ३ जानेवारी १८५५ ला शहरात प्रवेश, दहा दिवस मुक्काम. इथे वेशीशी पोचण्याआधी तो वेषांतर टाकतो आणि एडनच्या राजकीय अधिकाऱ्याच्या नावाने स्वतःच लिहिलेलं पत्र घेऊन इंग्रज म्हणून अमीरासमोर उभा राहतो. मक्केनंतर लगेच वाचलं की हा फरक विशेष जाणवतो. एप्रिलमध्ये बर्बेराच्या तळावर हल्ला झाला, त्याच्या सोबतच्या अधिकाऱ्यांपैकी स्ट्रोयन मारला गेला, स्पेक जखमी झाला आणि बर्टनच्या गालांतून भाला आरपार गेला. परिशिष्टांत हरारी भाषेचं व्याकरण आहे आणि बर्टनने कापून-छाटून छापलेली स्पेकची रोजनिशीही. बर्टन आणि स्पेक यांच्या पुढच्या वैराची पहिली ठिणगी तिथे सापडते. एकच खंड वाचायची तयारी असेल तर मक्केऐवजी हा चालेल.

द लेक रीजन्स ऑफ सेंट्रल आफ्रिका

दोन खंड आणि सर्वांत जड वाचन. १८५७ च्या जूनमध्ये झांझिबार सोडून नोव्हेंबरात काझे, म्हणजे आजचं ताबोरा, १३ फेब्रुवारी १८५८ ला टांगानिका सरोवराचं पहिलं दर्शन आणि मग त्याच्या काठचं उजिजी. बर्टनचे पाय लुळे पडलेले, स्पेकला डोळ्यांच्या विकाराने जवळजवळ दिसत नव्हतं. आफ्रिकी माणसांबद्दलची बर्टनची मतं इथे सर्वांत विखारी आहेत, आणि ती पानोपानी येतात. हे सोसायची तयारी नसेल तर हे पुस्तक उघडूच नये.

मग वाचायचं कशासाठी? व्यापारासाठी. काफिल्याचं चलन म्हणजे कापड, मणी आणि पितळी तार. चार हात कापड म्हणजे एक शुक्का, आठ हात म्हणजे एक डोटी, वजनाला सुमारे ३५ पौंडांची फ्रासिला. पांढरं मेरिकानी कापड अमेरिकेतून, निळीने रंगवलेलं कानिकी पश्चिम हिंदुस्थानातून. काझेला मुसा मझुरी हा सुरतेकडचा खोजा व्यापारी, आणि वाटेवर सिदी मुबारक बॉम्बे, हिंदुस्थानात गुलामीत राहून परतलेला, ज्याच्याशी स्पेक हिंदुस्तानीत बोलत असे. हिंदी महासागराच्या व्यापारात रस असणाऱ्याला हे परिशिष्टांसकट सोनं आहे. फक्त साहस हवं असणारा पन्नास पानांत थकेल.

नाइलचा उगम कुठे, या बर्टन-स्पेक वादासाठी मात्र हे एकटं पुरत नाही. ३ ऑगस्ट १८५८ ला व्हिक्टोरिया सरोवर स्पेकने एकट्याने पाहिलं, बर्टन काझेलाच होता. स्पेकचं स्वतःचं १८६४ चं निवेदन शेजारी ठेवून दोघांची तीच प्रकरणं ताडून पाहावीत. ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या सभेत दोघे समोरासमोर यायच्या आदल्या दिवशी, १५ सप्टेंबर १८६४ ला, स्पेक बंदुकीची गोळी लागून गेला. त्यानंतरचं बर्टनचं लिखाण प्रतिवाद करणारं कुणी उरलेलं नसताना केलेलं आहे, हे विसरू नये.

सोबत चरित्र कोणतं?

पत्नी इझाबेलचं १८९३ चं चरित्र पत्रांसाठी मोलाचं आहे, निवाड्यासाठी नाही. बर्टनच्या मृत्यूनंतर त्याचं अप्रकाशित हस्तलिखित जाळणारी तीच. एडवर्ड राइसचं (१९९०) वाचायला सर्वांत वेगवान, पण बर्टनच्या स्वतःविषयीच्या दाव्यांवर फार सहज विश्वास ठेवणारं. मेरी लव्हेलचं (१९९८) कागदपत्रांवर भक्कम आणि इझाबेलला न्याय देणारं. डेन केनेडीचं (२००५) घटनांपेक्षा विचारांवर भर देणारं. मक्केच्या पुस्तकाबरोबर लव्हेल आणि टांगानिकाच्या पुस्तकाआधी केनेडी, अशी जोडी लावावी. राइस घेतलाच तर कराचीच्या प्रकरणांवर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करावं: तिथल्या कुंटणखान्यांच्या ज्या गुप्त अहवालाने म्हणे बर्टनची कारकीर्द बुडाली, त्याची प्रत आजवर कुणाला मिळालेली नाही. त्याची हकीकत बर्टननेच अरेबियन नाइट्सच्या १८८५ च्या भाषांतराला जोडलेल्या निबंधात, घटनेनंतर सुमारे चाळीस वर्षांनी सांगितलेली आहे.