गाडी कोणाकडे लावावी? एक्सपेडाइट ट्रकिंगमधील दोन कॅरियर कंपन्यांचा अनुभव

मिशिगनमधील एका वाहनभाग पुरवठादाराकडे मी एकोणीस वर्षे लॉजिस्टिक्सचे काम केले. ब्रॅकेटची एखादी पेटी मागे राहिली आणि ग्राहकाची असेंब्ली लाइन थांबण्याची वेळ आली, की एक्सपेडाइट, म्हणजे तातडीचा माल पोहोचवणाऱ्या, कंपनीला फोन लावणारा माणूस मीच असे. अशा वेळी कोणी भाव करत बसत नाही. दोन पॅलेटसाठी अख्खा ट्रक तासाभरात दारात येतो, वाटेत दुसरा माल घेत नाही आणि रात्रभर चालून सकाळच्या पाळीआधी माल उतरवतो. हा धंदाच ओहायो आणि मिशिगनच्या वाहन उद्योगाभोवती वाढला. अॅक्रनची जुनी रॉबर्ट्स एक्सप्रेस म्हणजेच आजची फेडएक्स कस्टम क्रिटिकल, आणि मेडिनाची पँथर २०१२ पासून आर्कबेस्टच्या मालकीची आहे. त्या कंपन्यांची बिले मी मंजूर करत असे. बिलातले किती पैसे स्टिअरिंगमागच्या माणसाच्या हातात पडतात, हा प्रश्न मात्र त्या खुर्चीत बसून मला एकदाही पडला नाही.

नोकरी सुटल्यावर, मुले आपापल्या मार्गाला लागलेली असल्यामुळे, मी आणि पत्नीने मिळून एक जुना फ्रेटलायनर स्ट्रेट ट्रक घेतला: बावीस फुटी बॉक्स, केबिनमागे झोपण्याची सोय, आणि एकूण वजनमर्यादा २६,००० पौंड, म्हणजे व्यावसायिक परवान्याची सक्ती नाही. लहान कार्गो व्हॅन स्वस्तात मिळाली असती. पण १०,००१ पौंडांच्या खालच्या गाडीला एरवी चालकाच्या तासांचे संघीय नियम लागू होत नाहीत, आणि जिथे नियम नाही तिथे ‘अजून चारशे मैल जाल ना?’ असे विचारणारा डिस्पॅचर, म्हणजे भाडी वाटून देणारा कंपनीचा माणूस, असतो. आमच्या वयाला ते झेपले नसते. मोठ्या गाडीत अकरा तास चालवणे, कामाला लागल्यापासून चौदा तासांची चौकट आणि दहा तास विश्रांती हे सगळे बांधलेले असते. एक जण झोपला असताना दुसऱ्याने चालवायचे, एवढाच संसार.

स्वतःचा मालवाहतुकीचा सरकारी परवाना (ऑथॉरिटी) काढून, स्वतःचा विमा उतरवून गिऱ्हाईक शोधणे नवख्याला जड जाते, म्हणून बहुतेक जण गाडी एखाद्या कॅरियर कंपनीला लावतात, म्हणजे तिच्या परवान्यावर आणि तिने दिलेल्या भाड्यांवर चालवतात. आमच्या चिंचवडच्या शेजाऱ्यांचा टेंपो होता. त्यांच्या बोलण्यात ‘गाडी कोणाकडे लावली’ आणि ‘रिटर्न भाडे मिळाले की नाही’ हे दोन विषय सोडून तिसरा नसे. अमेरिकेत येऊन, इंजिनिअर म्हणून आयुष्य काढून, साठीच्या उंबरठ्यावर आमचेही विषय तेच झाले आहेत. दोन्ही कंपन्यांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण माझे म्हणणे आहे ते करारातील कलमांविषयी, आणि ती कलमे या धंद्यात सर्रास आढळतात.

पहिली कंपनी आम्ही निवडली ती मैलाच्या दरावर. भरलेल्या मैलाला १ डॉलर ६५ सेंट आणि इंधनाचा अधिभार वेगळा, असे रिक्रूटरने, म्हणजे कंपनीसाठी गाड्या मिळवणाऱ्या माणसाने, सांगितले तेव्हा मी लगेच कागदावर वर्षाचे गणित मांडायला बसलो. पत्नी बाजूला भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, “अहो, रिकामी गाडी किती चालवायची ते विचारलंत का?” मी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा उत्तर आले की रिकाम्या मैलांना वेगळे पैसे नाहीत, दर त्याचा विचार करूनच ठरवलेला आहे. हे उत्तर ऐकायला समंजस वाटते. त्याचा अर्थ मला स्मर्ना गावात कळला.

मे महिन्यातील त्या लोडचा हिशोब वहीत आहे, म्हणून तोच देतो. स्टर्लिंग हाइट्सहून टेनेसीतील स्मर्नापर्यंत भरलेले मैल ५६०. माल पहाटे साडेपाचला उतरवला, आणि मग दीड दिवस आम्ही ट्रक स्टॉपवर बसून राहिलो, कारण त्या भागातून निघणारे भाडे नव्हते. शेवटी डिस्पॅचरने सांगितले की सिनसिनाटीकडे सरका, तिथे गाड्या कमी आहेत. आम्ही २९० मैल रिकामे गेलो. भाड्याचे ९२४ डॉलर मिळाले, पण गाडी चालली ८५० मैल. म्हणजे प्रत्यक्ष मैलाला सुमारे १ डॉलर ९ सेंट. आमच्या आजच्या, म्हणजे दुसऱ्या, कंपनीचा भरलेल्या मैलाचा दर १ डॉलर ४० सेंटच आहे, परंतु कंपनीच्या सांगण्यावरून रिकामे जावे लागल्यास पहिले पन्नास मैल सोडून पुढच्या प्रत्येक मैलाला ८५ सेंट मिळतात. त्याच फेरीला हा करार लावला तर ७८४ अधिक २०४, असे ९८८ डॉलर होतात. जाहिरातीत पंचवीस सेंटांनी मागे असलेली कंपनी हिशोबात चौसष्ट डॉलरनी पुढे गेली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रिकाम्या मैलांचे पैसे स्वतःच्या खिशातून जाऊ लागले की डिस्पॅचर उगाच ‘तिकडे सरका’ म्हणत नाही, आधी चार फोन करून जवळचे भाडे पाहतो.

पहिल्या कंपनीची दुसरी अडचण होती ती नकाराची. करारात लिहिले होते की कोणतेही भाडे घेण्याची सक्ती नाही, आणि ते अक्षरशः खरे होते. फोनवर लोडची माहिती येई, उत्तराला दहा मिनिटे मिळत, आणि नाही म्हटले तरी कोणी आवाज चढवत नसे. फक्त आपली गाडी त्या भागाच्या रांगेत शेवटी जाई. शिवाय महिन्याच्या अखेरीस स्वीकाराचे प्रमाण अमुक टक्क्यांखाली गेले तर पुढचा महिनाभर चांगली भाडी आधी इतरांना दाखवली जात. ही दुसरी अट करारात नव्हती. ती चालकांना देण्यात येणाऱ्या एका वेगळ्या पुस्तिकेत होती, आणि करारात ‘पुस्तिकेतील नियम बंधनकारक राहतील’ एवढेच एक वाक्य होते. गाडीच्या नव्या मालकाने सही करण्यापूर्वी ही पुस्तिका मागून घ्यावी. ती ओरिएंटेशनच्या दिवशी मिळेल असे कोणी म्हणाले, तर ओरिएंटेशनच्या दिवशीही सही न करता ती मोटेलवर नेऊन वाचावी.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की त्या कंपनीचा सुरक्षा विभाग उत्तम होता. रात्री दोन वाजता केंटकीत टायर फुटला तेव्हा पंचेचाळीस मिनिटांत माणूस आला, आणि बर्फाच्या वादळात ‘थांबतो’ म्हटल्यावर ग्राहकाला समजावण्याचे काम त्यांनी केले. मिशिगनमध्ये त्यांच्याकडे भाड्यांना तोटा नव्हता. जे कायम डेट्रॉइट ते टोलेडोच्या पट्ट्यातच फिरू इच्छितात, त्यांना ती कंपनी लाभेलही.

आम्ही सात महिन्यांनी बाहेर पडलो, आणि तिथे एस्क्रोचा, म्हणजे अनामत रकमेचा, प्रसंग घडला. दर आठवड्याच्या सेटलमेंटमधून, म्हणजे हिशोबातून, शंभर डॉलर कापून त्यांनी दोन हजारांची अनामत जमवली होती. टोलेडोच्या एका मोटेलच्या आवारात पत्नीच्या हेअर ड्रायरने गाडीच्या दारावरची कंपनीच्या नावाची अक्षरे गरम करून आम्ही ती नखाने सोलून काढली, कंपनीचे फलक आणि गाडीत बसवलेले नोंदीचे यंत्र परत केले, पोच घेतली. पन्नासाव्या दिवशी १,३४० डॉलरचा चेक आला, सोबत ‘किरकोळ वजावट’ असा एक शब्द. गाडी कंपनीला लावण्याच्या भाडेकराराविषयीच्या संघीय नियमावलीत, म्हणजे भाग ३७६ मध्ये, ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे: करार संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत अनामत परत केली पाहिजे, कशापोटी काय कापले त्याचा तपशील दिला पाहिजे, आणि ती रक्कम कंपनीकडे असेतोवर तिच्यावर किमान तिमाहीने व्याजही दिले पाहिजे. व्याजाची तर आम्हाला कल्पनाच नव्हती. मी कलमाचा क्रमांक घालून एक पानाचे पत्र रजिस्टर्ड टपालाने पाठवले. नऊ दिवसांत उरलेले पैसे आले, व्याजासह. व्याज एका साध्या जेवणाइतके होते, पण तो चेक मी वटवण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवला.

हा भाग ३७६ प्रत्येक नव्या मालकाने एकदा स्वतः वाचावा. इंग्रजी सोपे आहे आणि तासाभरात वाचून होतो. पावत्या दिल्यापासून पंधरा दिवसांत पैसे मिळालेच पाहिजेत, कंपनीकडूनच टायर, यंत्र किंवा विमा विकत घेण्याची सक्ती करता येत नाही, कशाकशाची वजावट होणार ते करारात आधीच लिहावे लागते, ही सगळी कलमे त्यात आहेत. दुसऱ्या कंपनीकडे जाण्यापूर्वी आम्ही आणखी एकीशी बोलणी केली होती. ती मैलावर नव्हे तर भाड्याच्या टक्केवारीवर पैसे देणार होती. मी विचारले की ग्राहकाच्या मूळ बिलाची प्रत मिळेल ना? रिक्रूटर म्हणाला, सेटलमेंटच्या कागदावर आकडा असतोच की. टक्केवारीच्या करारात मूळ बिलाची प्रत मालकाला दाखवणे कंपनीवर बंधनकारक आहे. जो माणूस पहिल्याच फोनवर हे टाळतो त्याच्या कंपनीचे पुढचे सत्तर फोन घेण्याची माझी इच्छा नव्हती, आणि एके काळी त्या बिलांवर सह्या मीच करत असल्यामुळे त्या आकड्यांत किती जागा असते तेही मला ठाऊक होते.

दुसऱ्या कंपनीची चौकशी आम्ही उलट्या क्रमाने केली. आधी संघीय परिवहन खात्याच्या सेफर या संकेतस्थळावर तिचा क्रमांक घालून गाड्या किती, तपासणीत रस्त्यावरून बाहेर काढलेल्या गाड्यांचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या वर की खाली, दोन वर्षांतले अपघात किती, हे पाहिले. मालवाहू कंपन्यांच्या सुरक्षा-गुणांची क्रमवारी २०१५ च्या कायद्यानंतर लोकांना दिसत नाही, पण मूळ तपासण्यांची नोंद दिसते, आणि तेवढी पुरते. विम्याची कायद्याने लागणारी किमान मर्यादा साडेसात लाख डॉलर आहे. या कंपनीचा विमा त्याहून जास्त रकमेचा निघाला. मग त्यांच्या तीन चालकांना ट्रक स्टॉपवर गाठले. रिक्रूटरने दिलेल्या नावांना फोन करण्यात अर्थ नसतो. ओहायोतील एका ट्रक स्टॉपच्या धुलाईखान्यात एक वयस्क जोडपे कपडे वाळण्याची वाट पाहत बसले होते. त्यांनी न विचारता आपले मागचे चार सेटलमेंटचे कागद दाखवले. त्यातील एका कागदावर ‘डेडहेड’, म्हणजे रिकाम्या मैलांच्या, रकान्यात आकडा होता. पत्नीने तो बोटाने दाखवला, आणि निर्णय जवळपास तिथेच झाला.

या कंपनीला मी पाचपैकी साडेतीन देईन. हिशोब स्वच्छ आहे, शुक्रवारी पैसे येतात, माल चढवायला दोन तासांहून अधिक लागले तर थांबण्याचे पैसे मागावे लागत नाहीत. डिस्पॅचर बहुतेक स्वतः गाडी चालवलेले आहेत, त्यामुळे ‘तिथून तिथे पाच तासांत’ असले गणित ते सांगत नाहीत. उणीव अशी की शनिवार-रविवारी एकच माणूस सगळा देश सांभाळतो आणि त्याला फोन लागत नाही. टेक्सासमधील लरेडोला आम्ही एकदा शुक्रवारी संध्याकाळी अडकलो ते सोमवारी दुपारी सुटलो, आणि त्या अडीच दिवसांचे पैसे कोणत्याच कलमात बसत नव्हते. यंत्राचे आठवड्याचे भाडेही मला जास्त वाटते.

नोकरीतून या धंद्यात येणाऱ्यांसाठी एक गोष्ट लिहितो, कारण तिचा दोष कोणत्याच कॅरियरला देता येणार नाही आणि तरीही निवड करताना ती हिशोबात धरावी लागते. गाडी लावलेला मालक कंपनीचा नोकर नसतो. आजारपणाचा विमा स्वतः घ्यायचा, कामावर इजा झाली तर कामगार नुकसानभरपाई नाही म्हणून अपघात विमा वेगळा घ्यायचा, भाड्यावर नसताना गाडी चालवण्याचा विमा आणखी वेगळा, आणि स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर वर्षातून चार वेळा आगाऊ भरायचा. कंपनीमार्फत घेतलेला अपघात विमा आम्हाला स्वस्त पडला, पण पॉलिसीची पूर्ण प्रत मागितल्यावर दिसले की चालत्या गाडीत झोपलेल्या चालकाला मिळणारे संरक्षण एका पोटकलमाने कमी केलेले आहे. दोघे जण चालवणाऱ्या गाडीत कोणीतरी कायम झोपलेलेच असते. ती पॉलिसी आम्ही घेतली नाही, बाहेरून दुसरी घेतली, आणि कंपनीने त्याला हरकत घेतली नाही, हेही तिच्या बाजूने नोंदवतो.

करार डिसेंबरमध्ये नव्याने होतो. रिकाम्या मैलांतील पहिल्या पन्नासांची अट तीसवर आणावी आणि शनिवार-रविवारच्या थांब्याला दिवसाचा ठरीव दर द्यावा, अशा दोन मागण्या आम्ही लेखी दिल्या आहेत. दुसरी होईल असे डिस्पॅचर खासगीत म्हणतो. पहिलीवर अजून उत्तर आलेले नाही.