हॉस्पिटलची लॅब की रेफरन्स लॅब: डीएमएलटीनंतर कुठे रुजू व्हावं?

डीएमएलटी नाहीतर बीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा नाहीतर डिग्री) झालं, नोंदणीचे कागद हातात आले, की ठाणे-नवी मुंबईत साधारण दोन प्रकारच्या नोकऱ्या समोर येतात. एक म्हणजे हॉस्पिटलची स्वतःची लॅब. दुसरी तुर्भे-महापे-रबाळेच्या एमआयडीसी पट्ट्यातली रेफरन्स लॅब, जिथे कुठकुठल्या कलेक्शन सेंटरांचं रक्त रात्री येऊन पडतं. पगाराची तुलना इथे करत नाही. सुरुवातीला तो दोन्हीकडे सारखाच निराश करतो. मी दोन्हीकडे काम केलं आहे, त्यामुळे माप कुठे झुकतंय ते लपणार नाही.

रेफरन्स लॅबचं आकर्षण खोटं नाही. मशीन तिथेच बघायला मिळतात. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसीचंच घ्या. छोट्या हॉस्पिटलात महिन्यात जेवढे हिमोग्लोबिन व्हेरिएंट दिसत नाहीत, तेवढे इथे एका आठवड्यात नजरेखालून जातात. ए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ३.५ टक्क्यांच्या वर दिसलं की बीटा थॅलेसेमिया मायनरचा विचार करायचा हे पुस्तकात असतंच. पण ग्राफवरच्या ए-टूच्या खिडकीत २५-३० टक्के आले तर ते ए-टू नसून बहुधा हिमोग्लोबिन-ई तिथे येऊन बसलंय, हे शेकडो ग्राफ बघितल्यावरच डोळ्यात बसतं. कंट्रोलची, म्हणजे मशीन तपासायला लावतात त्या माहीत आकड्याच्या सॅम्पलची, शिस्तही तिथली चांगली. सलग दोन वेळा कंट्रोल एकाच बाजूला दोन एसडीच्या (ठरलेल्या फरकाच्या मर्यादेच्या) बाहेर गेला की रन थांबतो, रिएजंटचा लॉट आणि कॅलिब्रेशन बघितलं जातं, मगच पेशंटचे रिपोर्ट सुटतात. कंट्रोल बाहेर गेला की आत येईपर्यंत तीच व्हायल पुन्हा पुन्हा लावणारी माणसं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये भेटतात, हे कबूल करायला हवं.

एनएबीएल, म्हणजे लॅबच्या दर्जाची मान्यता, दोन्हीकडे असू शकतं, त्यामुळे तो निकष धरू नका. रेफरन्स लॅबमधली खरी गर्दी रात्री असते. सकाळी रिपोर्ट द्यायचे असतात, म्हणजे काम रात्रीच होणार. ट्रान्स-हार्बरवरून उलट दिशेने ये-जा जमत असेल तर ठीक. दुसरी गोष्ट, तुम्ही इम्युनोअसेच्या (हार्मोनसारख्या तपासण्यांच्या) बेंचवर हात बसवलात की तिथेच राहता. चांगलं काम करणाऱ्याला कोणी हलवत नाही!

आता मला ज्या गोष्टीने निर्णय घ्यायला लावला ती. मशीनवर पोटॅशियम ६.९ येतं, म्हणजे धोकादायक जास्त. सिरम (पेशी वेगळ्या केल्यावर उरणारा द्रव) स्वच्छ पिवळं आहे, हिमोलिसिस इंडेक्स (पेशी किती फुटल्या ते सांगणारा आकडा) नगण्य आहे. आता काय?

पहिलं काम म्हणजे त्याच ट्यूबमध्ये कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज लावणं. कॅल्शियम ५ च्या आसपास आणि फॉस्फटेजही पडलेलं असेल, तर जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं, पोटॅशियम असलेलं रसायन) सिरमच्या पिवळ्या ट्यूबमध्ये गेलंय. सिरिंजने रक्त काढून आधी जांभळी भरली, त्यात जास्त झालं म्हणून उरलेलं पिवळीत ओतलं, की हे होतं. हे दोन्ही नॉर्मल असतील तर दुसरा संशय बर्फाचा. पिवळी ट्यूब अर्धा तास उभी ठेवून, दहा मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये स्पिन करून (फिरवून) मग थंड करायची असते. सेंटरवरच्या पोराने घाईत न फिरवताच ती आइस पॅकवर टाकली, तर थंडीने पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. पेशी फुटत नाहीत, म्हणून सिरम लाल दिसत नाही आणि इंडेक्सही काही बोलत नाही. अशी ट्यूब नंतर लॅबमध्ये फिरवून उपयोग नाही. झिरपलेलं पोटॅशियम जेलच्या (पेशी आणि सिरम वेगळं ठेवणाऱ्या थराच्या) वरच राहतं. आणि सेंटरने आधी फिरवलेली जेल ट्यूब आपण पुन्हा फिरवली तर जेलखालचं सिरम वर येऊन आकडा आणखी बिघडतो.

तिसरी शक्यता अशी की पेशंटचं पोटॅशियम खरोखरच ६.९ आहे. मग ते रात्रीत मारू शकतं.

रेफरन्स लॅबमध्ये या तिन्हीतलं नेमकं कोणतं, हे ठरवायला जी माहिती लागते ती बदलापुरातल्या किंवा पनवेलच्या पुढच्या सेंटरवर असते, आणि सेंटर रात्री बंद असतं. फोन उचलला तर 'नीटच काढलं होतं' एवढंच उत्तर. नवीन सॅम्पल उद्या. ट्यूब गरम बॅगेत राहिली असेल तर उलटा प्रकार होतो: न फिरवलेल्या रक्तात साखर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के घटते, आणि मधुमेहाच्या पेशंटचा आकडा उगाच छान येतो. रिपोर्टवर 'क्लिनिकल कोरिलेशन करावे' छापून आपण सही करतो आणि पुढची ट्रे घेतो. त्या रक्ताच्या मागच्या माणसाचं काय झालं ते कधीच कळत नाही. मला याचंच ओझं व्हायचं.

हॉस्पिटलमध्ये हेच ६.९ आलं तर दोन मजले चढून जायचं. ईसीजी कसा आहे ते सिस्टरना विचारायचं, सलाईन कुठल्या हाताला आहे ते बघायचं, दुसऱ्या हातातून स्वतः काढायचं, पिवळी आधी, जांभळी नंतर. तासाभराच्या आत खरं-खोटं कळतं.

पावसाळ्यात तर फरक फारच दिसतो. डेंग्यूच्या वॉर्डातून सीबीसी येतो, प्लेटलेट ११ हजार. स्लाइड काढून शेपटाकडचा भाग बघितला तर प्लेटलेटचे गठ्ठे. म्हणजे मशीनने ते मोजलेच नाहीत. ईडीटीएमुळे होणारे गठ्ठे वेळ जाईल तसे वाढतात, म्हणून निळ्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा काढायचं, लगेच लावायचं आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण सायट्रेटने रक्त तेवढं पातळ झालेलं असतं. आकडा ९० हजारांवर गेला की फ्रेश प्लेटलेटसाठी ब्लड बँकेला गेलेला फोन थांबवता येतो. आठ तास प्रवास करून आलेल्या ट्यूबवर यातलं फारसं काही करता येत नाही.

हॉस्पिटलचा त्रास कमी आहे असं नाही. सगळं स्टॅट, म्हणजे तातडीचं, असतं. 'रिपोर्ट झाला का?' हा फोन सॅम्पल मशीनवर चढायच्या आत येतो. रात्री बऱ्याच ठिकाणी एकच माणूस, आणि त्याच वेळी एबीजी (धमनीतल्या रक्तातले वायू), ट्रोपोनिन (हार्ट अटॅकची तपासणी) आणि क्रॉसमॅच (रक्त चढवण्याआधीची जुळणी) तिन्ही हजर. निळी ट्यूब अर्धीच भरून येते, आणि २.७ मिली रक्त कमी पडलं तर पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) उगाच लांबतो, हे प्रत्येक नव्या सिस्टरला नव्याने सांगावं लागतं. सुया जास्त हाताळाव्या लागतात. म्हणून रुजू होण्याआधी हिपॅटायटिस बीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तीन डोस पूर्ण करा आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण) १० च्या वर आहे ना ते बघा. सुई टोचलीच तर एचआयव्हीचं औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवं, ७२ तासांनंतर नाही. आवारातच कॅज्युअल्टी असणं इथे कामाला येतं.

ज्यांना पुढे मशीन कंपनीत ॲप्लिकेशनला (लॅबना मशीन शिकवायच्या कामाला) जायचं आहे, किंवा पेशंटच्या नातेवाइकांशी बोलणं ज्यांना नकोच वाटतं, त्यांनी खुशाल एमआयडीसी धरावी. बाकीच्यांनी, माझ्या मते, पहिली दोन वर्षं हॉस्पिटलला द्यावीत आणि मग हवं तर तिकडे जावं. स्वतः सुई धरलेल्या माणसाला बेंचवर बसल्या बसल्या ट्यूब कशी भरली गेली असेल ते दिसतं. हा क्रम उलटा केला तर हात कच्चा राहतो, असं मला तरी दिसलं आहे.

मुलाखतीला जाल तेव्हा हॉस्पिटलला विचारा की रात्री लॅबमध्ये किती जण असतात आणि मशीन बंद पडलं तर सॅम्पल कुठे जातं. रेफरन्स लॅबला विचारा की बेंच किती महिन्यांनी बदलतो आणि रात्री सॅम्पल रिजेक्ट करायचा अधिकार कोणाला असतो. सेंटर नाराज होईल म्हणून सॅम्पल शक्यतो चालवूनच घेतो, असं उत्तर आलं, तर ऑफर लेटर घरी नेऊन एकदा शांतपणे वाचा.