नागपूरच्या सदर भागातले हातशिलाईचे बूट: महाग, उशिरा मिळतात, तरी घ्या

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. दिवसभर धंतोली-रामदासपेठेत डॉक्टरांच्या दाराशी उभं राहायचं आणि एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाताना ऊन खायचं, हेच काम. कंपनीला काळे लेदर शूज लागतात. मॉलमधले नावाजलेले जोड वापरून झाले. मे महिन्यात इथलं डांबर तापलं की पेस्टिंगचा सोल पुढून तोंड वासतो. त्यात माझा पंजा रुंद, त्यामुळे करंगळीला कायमचं कुरूप.

शेवटी एका डॉक्टरांच्या कंपाउंडरनं सदरमधलं हे दुकान सांगितलं. रेसिडेन्सी रोडवरून आत गल्लीत, दोन माणसं बसली की तिसऱ्याला उभं राहावं लागेल एवढंसं. दुकानाचं नाव देत नाही. मालकांनीच हात जोडून सांगितलं, "नाव नका टाकू जी, हात दोनच आहेत." 'चिनी बूटवाले' म्हणून विचारा, कोणीही दाखवेल.

मालक, म्हणजे अंकल, सत्तरी ओलांडलेले. चेहरा बघून नवं गिऱ्हाईक हिंदी-इंग्रजी जुळवायला लागतं आणि अंकल ठेक्यात वऱ्हाडी बोलतात. मी पहिल्यांदा गेलो ते सकाळी. माप घ्यायला साफ नकार. "सांजच्याले या. दिवसभर फिरून पाय सुजते, तवाच खरं माप भेटते."

संध्याकाळी मात्र काम निगुतीनं. जाड वहीच्या पानावर पाय ठेवायला लावला, पेन्सिल सरळ उभी धरून कडेनं रेघ मारली, मग पंज्याला, वरच्या उंचवट्याला आणि टाचेला टेप. माझा डावा पाय उजव्याहून जरा मोठा निघाला, इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. करंगळीपाशी बोटानं दाबून पाहिलं आणि पानावर तिथे फुली मारली. पुढच्या वेळी गेलो तेव्हा लाकडी फर्म्यावर, म्हणजे ज्यावर बूट बेततात त्या पायाच्या साच्यावर, नेमक्या त्या जागी चामड्याचा तुकडा ठोकून फुगवटा केलेला होता. त्या फुगवट्यावरून अपर, म्हणजे बुटाचं वरचं चामडं, ओढलं की तेवढी जागा बुटात आपोआप तयार होते. माझं कुरूप तिथे निवांत बसलंय आता.

सोल चिकटवत नाहीत, शिवतात. आरीनं भोक पाडायचं आणि मेण लावलेल्या एकाच दोऱ्याची दोन्ही टोकं समोरासमोरून त्याच भोकातून काढून आवळायची. कामठीचा एक कारागीर सोबत आहे, पण हा टाका अंकल स्वतःच घालतात. एक उन्हाळा पूर्ण निघाला, टाका हललेला नाही.

हे काम या घरात आलं आजोबांकडून. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंगमधल्या मेइशियानचे, हाक्का या चिनी समाजाचे. डोंगराळ मुलूख, शेतजमीन थोडी आणि खाणारी तोंडं फार. सोळा-सतराव्या वर्षी नदीतून बोटीनं शांतोऊ बंदराला आले, तिथून जहाजानं सिंगापूर, पिनांग करत इंग्रजांच्या कलकत्त्याला. हिंदुस्थान काय आहे याची त्यांना काही कल्पना नव्हती. गावचा एक नातलग तिथे जोडे शिवतो आणि घरी पैसे पाठवतो, एवढीच माहिती. बेंटिंक स्ट्रीटच्या दुकानात पहिली काही वर्षं पगार नाही. दोन वेळचं जेवण आणि रात्री कामाच्या बाकड्याखाली झोप. चार पैसे गाठीला बांधून परत जायचं, हाच बेत. पण आधी जपानचं युद्ध, मग १९४९ची चीनमधली कम्युनिस्ट क्रांती, आणि जाणं राहूनच गेलं.

चिनी माणूस चामड्यातच का शिरला, हे मी विचारलं. अंकलनी फर्म्यावरून नजर न काढता सांगितलं, "तुमच्या लोकायनं ते काम एकाच जातीवर टाकलं होतं ना, मंग धंद्यात जागा रिकामीच." नागपुरात राहून यावर वाद घालायची सोय नाही. मी गप्प बसलो.

नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी, शेजारी कामठीची छावणी, साहेबांना बूट लागत, आणि हावड्याहून गाडी थेट. म्हणून आजोबा इथे उतरले. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं तेव्हा अंकल शाळेत होते. वडिलांना पोलीस ठाण्यात हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. आसाम-दार्जिलिंगकडच्या चिनी कुटुंबांना तर उचलून देवलीच्या छावणीत ठेवलं, सुमारे ३,००० माणसं. आपली वर्ध्याजवळची देवळी नव्हे, राजस्थानातली. काहींना सुटायला १९६७ उजाडलं. यांना नेलं नाही, पण गिऱ्हाईक आटलं. थोरला भाऊ नंतर टोरंटोला गेला, अंकलचा मुलगाही आता तिथेच आहे.

आता तक्रारी. पहिली, वेळ. तीन आठवडे सांगतात, त्यात पुन्हा तेवढेच धरून चाला. माझी हैदराबादची मीटिंग जुन्या फाटक्या बुटांत झाली आणि फोन केला तर "होते ना भाऊ" याच्या पुढे उत्तर नाही. दुसरी, रंग. सुरुवातीला मोज्यांना काळा डाग लागतो, पांढरे मोजे घालू नका. लेस भिकार, बाहेरून घ्या. आणि पहिला आठवडा बूट चावतात, तो सोसावा लागतो. पावसाळ्यात फिरणार असाल तर आधीच रबरी सोल सांगा. चामड्याचा सोल ओल्या फरशीवर सटकतो आणि अंकल ही गोष्ट आपण होऊन सांगत नाहीत.

चामड्याबद्दल अंकल स्वतःच कुरकुरतात. पूर्वी माल कलकत्त्याच्या टांग्र्यातून, नात्यातल्या टॅनरीतून, म्हणजे चामडं कमावायच्या कारखान्यातून, यायचा. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तिथल्या टॅनऱ्या शहराबाहेर हलवायला सांगितलं, त्यात ओळखीचे बरेच जण धंदा सोडून गेले. आता चेन्नईचा माल. मला त्यात खोट दिसली नाही, पण त्यांचं म्हणणं वेगळं.

जोडीला साडेसहा हजार पडले, निम्मे आगाऊ. घासाघीस केली तर वही मिटून ठेवतात. लेडीज करत नाहीत. सोल बदलून मात्र देतात, दुसरीकडचा जोड नेला तरी.

चिनी नववर्षाच्या आसपास, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, फोन केल्याशिवाय जाऊ नका. अंकल कलकत्त्याला असतात आणि तिथून हुगळीकाठच्या अछिपूरला. कलकत्त्याकडे येऊन वसलेला पहिला चिनी म्हणून ज्याचं नाव घेतात, त्या आछूची कबर तिथे आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात वर्षाला ४५ रुपये खंडानं जमीन घेऊन त्यानं साखरेचा कारखाना काढला आणि १७८३ पर्यंत तो वारलाही. कलकत्त्याचे चिनी दरवर्षी तिथे उदबत्ती लावायला जातात. यंदा या भानगडीत माझ्या मित्राचे लग्नाचे बूट अडकले, त्याला शेवटी सीताबर्डीवरून तयार घ्यावे लागले.

गाडी गल्लीत नेऊ नका, वळवता येत नाही. यूपीआय कारागीर हजर असेल तरच चालतं, कारण फोन त्याचा.