रुग्णसाहित्य भाड्याने: ठाण्यात काय घ्यावं, काय सोडून द्यावं

इलाज संपले आणि डॉक्टर "आता घरी न्या" म्हणतात, तेव्हा घर बहुधा कर्जात बुडालेलं असतं. त्याच आठवड्यात कॉट, एअर बेड आणि ऑक्सिजन मशीन एकदम लागतं, आणि घाईत लोक नको ते विकत घेऊन बसतात. म्हणून ठाणे-नवी मुंबईत भाड्याने मिळणाऱ्या या साहित्याबद्दल थोडं सविस्तर.

वाटा दोन. एक, संस्था आणि मंडळं चालवतात ती रुग्णसाहित्य केंद्रं. भाडं नाममात्र असतं आणि डिपॉझिट परत मिळतं. पण नग मोजके, टेम्पो आणि हमाल आपलेच. दुसरी वाट सर्जिकल दुकानांची. भाडं जास्त, पण माणूस येऊन जोडून देतो. आमचं मत स्पष्ट आहे: कॉट, कमोड खुर्ची, व्हीलचेअर केंद्रातून घ्या, विजेवर चालणारं मशीन दुकानातून. रात्री दोनला मशीन बंद पडलं तर बदलून द्यायला कुणीतरी हवं.

फाउलर कॉट घ्याच. सेमी-फाउलर फक्त पाठ उचलते, फुल फाउलर गुडघेही उचलते. फरक थोडा असेल तर फुलच घ्या. आधी गुडघे उचलायचे, मग पाठ. उलट केलं की पेशंट खाली घसरतो आणि माकडहाडाजवळची कातडी ओढली जाते. बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, तिथेच सुरू होतो. जेवण भरवताना पाठ उंच ठेवा, एरवी ३० अंशांच्या आसपास. कॉट साधारण साडेसहा बाय तीन फुटांची असते. सिडकोच्या छोट्या घरात ती भिंतीला लावली तरी एका बाजूला दोन फूट मोकळे हवेत, नाहीतर कूस बदलता येत नाही. नौपाड्यातल्या बिनलिफ्टच्या इमारतींत चौकट जिन्याच्या वळणावर अडकते, म्हणून ती दोन भागांत सुटते का, हे फोनवरच विचारा. हँडल स्वतः फिरवून बघा आणि चारही चाकांचे ब्रेक तपासा.

एअर बेड मात्र भाड्याने घेऊ नका. दुसऱ्याच्या जखमेचा स्राव त्याच्या शिवणीत शिरलेला असू शकतो, आणि साधा बुडबुड्यांचा बेड दोन-तीन हजारांत नवा मिळतो. तो गादीच्या जागी नाही, गादीच्या वर टाकायचा. वीज गेली की हवा उतरते, तेव्हा खाली फोम हवाच. वर एकच सुती चादर, तीही सैल. रेक्झिन किंवा जाड गोधडी टाकली की बेडचा उपयोग संपला. कमरेखाली, बेड आणि गादीच्या मधे तळहात सरकवा. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. पंपाची कळ वाढवा, नळी दुमडली आहे का बघा. दर दोन तासांनी कूस बदलणं यामुळे टळत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत.

आता ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं विजेचं मशीन. मिनिटाला ५ लिटर देणारं नवं मशीन तीस-पस्तीस हजारांच्या पुढे जातं, आणि कित्येक घरांत त्याची गरजच नसते. ऑक्सिमीटरवर आकडा चांगला असूनही धाप लागत असेल, तर ऑक्सिजनपेक्षा चेहऱ्यावर सोडलेला टेबल फॅन आणि पॅलिएटिव्ह (त्रास कमी करणाऱ्या) डॉक्टरांनी दिलेला मॉर्फिनचा लहान डोस जास्त आराम देतो. त्यांना विचारल्याशिवाय मशीन आणू नका, आणि प्रवाहही तेच ठरवतील. सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) असलेल्याला जास्त ऑक्सिजनने अपाय होतो.

घ्यायचंच असेल तर मशीनवरचे चाललेले तास बघा आणि ५ लिटरवर शुद्धता किती येते ते अॅनलायझरने दाखवायला सांगा. ९० टक्क्यांच्या वर हवी. आतला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे) ओलाव्याने मरतो, म्हणून पावसाळ्यात जुनी मशीनं आधी दगा देतात. भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, आठवड्याला फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून बसवा. हवा येत नाही असं वाटलं तर कॅन्युला (नाकात लावायची नळी) पाण्याच्या पेल्यात धरा. बुडबुडे नसतील तर बहुतेकदा ह्युमिडिफायर, म्हणजे ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण तिरकं बसलेलं असतं. त्या खोलीत समई, उदबत्ती, विडी काहीही नको.

३५० वॅटचं मशीन अखंड चाललं तर दिवसाला साधारण साडेआठ युनिट, महिन्याला अडीचशे. महावितरणचं बिल वरच्या टप्प्यात जातं. भाड्याच्या हिशेबात हे धरत नाहीत आणि महिनाअखेरीला धक्का बसतो. वीज गेल्यावर आधाराला बी-टाइप सिलिंडर हवा: सुमारे दीड हजार लिटर, म्हणजे मिनिटाला २ लिटरने बारा तास. चावी आणि रेग्युलेटर त्याच्यासोबतच मागून घ्या.

मेडिक्लेममध्ये हे भाडं सहसा बसत नाही. पुन्हा भरती करायची वेळ आली तर धर्मादाय रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधी जा: वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन कोट्यात मोफत, ३,६०,००० पर्यंत असेल तर ५० टक्के सवलत, प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला आणि रेशन कार्ड फाइलमध्ये तयार ठेवा.

दुकानांबद्दलची खरी तक्रार हिशेबाची आहे. दुसऱ्या महिन्याच्या चौथ्या दिवशी पेशंट गेला तरी काही जण पूर्ण महिन्याचं भाडं कापतात. पंधरा दिवसांचा किंवा दिवसाचा हिशेब मान्य आहे का, हे डिपॉझिट देण्याआधी पावतीवर लिहून घ्या. मशीनचा नंबर आणि आधीचे ओरखडेही त्याच पावतीवर. सामान न्यायला कोण येणार आणि त्या फेरीचे पैसे वेगळे का, तेही तेव्हाच ठरवा. नंतर घरातलं कुणीच ते बोलण्याच्या मनःस्थितीत नसतं.