जुन्या ब्रिटिश कार्ब्युरेटरचे आटे: पिच गेज की नमुन्यांची माळ?

अमलचा मोनोब्लॉक किंवा एसयू असला जुना ब्रिटिश कार्ब्युरेटर खोलून बसलेल्याला बीए (ब्रिटिश असोसिएशन, बारीक स्क्रूंचे), बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन), सायकल आटे ही जुन्या ब्रिटिश आट्यांची नावं मी सांगायला नकोत. अडतं ते पुढे. समोरचा आटा यातला नेमका कुठला? एक रस्ता मोजायचा: व्हर्निअरनं व्यास आणि पिच गेजच्या दातेरी पात्यांनी पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर. दुसरा म्हणजे खात्रीच्या मापाचे स्क्रू-नट तारेत ओवून ठेवायचे आणि एकेक लावून बघायचं. माझे दोन्ही करून झालेत.

मोठ्या आट्यांना गेजसारखं काही नाही. पेट्रोलच्या जोडावर बाहेरचा व्यास 9.7 मिमी भरला आणि इंचाला 28 आटे मिळाले, की तो 1/8 बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाइप आटा. विषय संपला. (नाव एक सुताचं, म्हणजे 1/8 इंचाचं, पण तो जोड कुठूनही मोजा, आट्यात सूत सापडत नाही. पाइपवाल्यांचा हिशेबच वेगळा.)

बारीक स्क्रूंशी गाठ पडली की कुरकुर सुरू होते. बीएत पुढच्या नंबरचा पिच आधीच्याच्या नऊ दशांश असतो: 0 चा 1 मिमी, 1 चा 0.9, 2 चा 0.81. इकडे मेट्रिक एम 5 चा पिच 0.8. आठ-दहा आट्यांच्या स्क्रूवर हा फरक दिसायला डोळे माझ्यापेक्षा तरुण हवेत. गेजचं 0.8 चं पातं दोन्हींवर छान बसतं. मग व्यास मोजा म्हणाल, 2 बीए 4.7 आणि एम 5 म्हणजे 5. बरोबर आहे, मीही तेच केलं.

माझ्या मोनोब्लॉकच्या फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठतं त्या कप्प्याच्या) झाकणाला तीन स्क्रू. एक हरवलेला. उरलेल्यातला एक मोजला: व्यास 4.9, पिच 0.8. एम 5 आणला. तिसऱ्या भोकात तो दोन फेरे गेला आणि अडला. भोकात घाण असेल म्हणून स्क्रूड्रायव्हरनं जरा जोर दिला, तर बाहेर काढल्यावर आट्यात चकाकता चुरा. ती बॉडी जस्ताच्या ओतकामाची, स्टीलपुढे तिचं काय चालणार? झालं असं होतं की आधीच्या कुणा कारागिरानं दोन भोकांत एम 5 दामटले होते. माझं माप बिनचूक होतं, फक्त चुकीच्या स्क्रूचं. आणि खरा आटा ज्या भोकात शिल्लक होता, त्या एवढ्याशा भोकात गेजचं पातं शिरतच नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

माळ थेट भोकालाच विचारते. नंतर एक अस्सल 2 बीए मिळवला. तिसऱ्या भोकात पहिल्या फेऱ्याला किंचित कुरकुरला, मग चिमटीनं फिरवत तळापर्यंत गेला. बाकी दोन्हीत खुळखुळला. दहा सेकंदांत तिन्ही भोकांचा इतिहास कळला.

माळ जमवायला मात्र वेळ लागतो. माझी पुण्याच्या जुन्या बाजारातल्या मोडक्या ब्रिटिश रेडिओंतून आणि मीटरमधून जमली, दोन-तीन रविवार गेले. शिवाय तीही फसते. 0 बीए आणि एम 6, दोन्ही 6 मिमी आणि पिच 1. फरक फक्त आट्याच्या कोनाचा, 47.5 आणि 60 अंश. पाव इंची बीएसएफ आणि सायकल आट्याचंही तेच, दोन्ही इंचाला 26, कोन 55 आणि 60. अशा वेळी गेजचं पातं स्क्रूवर ठेवून उजेडाकडे धरायचं आणि भिंगातून फट बघायची. म्हणून गेज मी टाकलेलं नाही.

तुमचा कार्ब्युरेटर आजवर कुणी उघडलेलाच नसेल, तर गेजवर भागेलही. माझ्या हाती असे फारसे आले नाहीत. सुरुवातीला 2, 4, 6 बीए आणि शेजारी एम 5, एम 4, एम 3 एवढी माळ पुरते; बीएचे विषम नंबर क्वचितच लागतात. नमुना फिरवायचा तो चिमटीनंच. मी तर तेवढ्या वेळापुरता स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या खोलीत ठेवतो.